आईला माहीत, सासूबाईंना नाही

पत्र:

काकू, सप्रेम नमस्कार.

मी ३१ वर्षांची, मानेवाड्याला राहते. सातवा महिना संपत आला. गेल्या रविवारी घरीच डोहाळजेवण झालं. आम्ही दोघांनी एक मुलाचं आणि एक मुलीचं अशी दोन नावं ठरवली आहेत, आणि बारशापर्यंत कोणालाच सांगायची नाहीत असंही ठरवलं आहे. त्यावरून घरात रोज धुसफुस सुरू आहे. सासूबाई भाजी निवडता निवडता विचारतात, "काय नाव पाहून ठेवलं?" मी म्हणते, अजून काही ठरलं नाही. बहुतेक वेळा त्या मुलाचंच नाव विचारतात. ह्यांची मोठी बहीण चंद्रपूरला असते. त्यांनी व्हॉट्सॲपवर बेचाळीस नावांची यादी पाठवली आहे. म्हणतात, आत्याचा मान आहे, नाव मीच ठेवणार. मागच्या वेळी, २०२३ मध्ये, पाचव्या महिन्यात गेलं तेव्हा नाव सगळ्यांना माहीत होतं. या वेळी डॉक्टरांनी प्रवास नको सांगितला आहे, म्हणून माझी आईच यवतमाळहून इथे येऊन राहणार आहे, बाळंतपण धंतोलीतच होईल. आईला दोन्ही नावं माहीत आहेत, पण ती कोणाला सांगणार नाही. परवा सासूबाई रडल्या. म्हणाल्या, "काहून गं, आम्ही परके आहो का?" ह्यांना सांगितलं तर म्हणतात, तुमचं बायकांचं तुम्ही बघा. काकू, नाव लपवणं चूक आहे का? आणि नणंदेला काय सांगू?

— एक वाचक, नागपूर

उत्तर:

लेकी,

बाळ हातात येईपर्यंत नाव न सांगण्यात काही चूक नाही. त्यावर तुम्ही दोघं ठाम राहा. पण बारशापर्यंत सगळ्यांपासून लपवायचं म्हणशील, तर ते तुझ्या घरात आता जमणार नाही. आणि जमलं तरी त्यातून चांगलं काही निघेल असं मला वाटत नाही.

आधी मागच्या वेळचं बोलू. पत्रात त्याच्यावर तू एकच वाक्य लिहिलंस, नणंदेची यादी आणि आईचा मुक्काम यांच्या मध्ये. "पाचव्या महिन्यात गेलं." कोण गेलं, तेही लिहिलं नाहीस. मी त्या वाक्यापाशी बराच वेळ थांबले. मला वाटतं, तुझं खरं पत्र तेवढंच आहे. त्या पाच महिन्यांत घरातली माणसं पोटाशी त्या नावानं बोलायला लागली असतील. फोनवरून काकू-मावश्यांनी त्या नावाची चौकशी केली असेल. आणि मग एक दिवस ते नाव कोणी घेईना, किंवा कोणी तरी नको त्या वेळी घेतलं. दोन्हीचा घाव सारखाच बसतो. जे बाळ कोणाला दिसलं नाही, त्याचं नाव मात्र घरभर राहिलं. त्यातून गेलेली बाई या वेळी नाव ओठांच्या आत धरून ठेवते, यात परकेपणा कुठला? तुझ्या जागी मीही तेच केलं असतं.

पण हे तू सासूबाईंना सांगितलं आहेस का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही. तू त्यांना "अजून काही ठरलं नाही" सांगते आहेस. सात महिन्यांच्या पोटुशीनं नावाचा विचारच केला नाही, यावर कोणत्या बाईचा विश्वास बसेल? त्यांनाही पोरं झाली आहेत. त्यांना कळतं आहे की ठरलंय आणि आपल्याला सांगत नाहीत, आणि वर आपल्याशी खोटंही बोलतात. त्या रडल्या त्या नावासाठी रडल्या असं मला वाटत नाही. या खोट्यापायी रडल्या असाव्यात.

म्हणून पहिलं काम हे कर. दुपारी जेवणं आटोपली, ओटा आवरून झाला, की त्यांच्याजवळ जाऊन बस. फोन आत ठेवून दे. आणि सांग: "आई, नाव ठरलं आहे. ठरलं नाही म्हणत होते ते खोटं होतं, माझं चुकलं. मागच्या वेळी नाव सगळ्यांच्या तोंडी होतं आणि बाळ राहिलं नाही. तेव्हापासून मला धाक बसला आहे. बाळ कुशीत आल्याशिवाय ते नाव माझ्या तोंडून निघणार नाही. आलं की त्याच दिवशी तुम्हाला सांगू."

यापेक्षा जास्त बोलायची गरज नाही. त्या कदाचित एक शब्दही न बोलता उठून चहा टाकतील. टाकू दे. पण त्यांना हे कळेल, याची मला खात्री आहे, कारण ही भीती त्यांच्या ओळखीची आहे. जन्माआधी पाळणा घरात आणू नये, नवे कपडे घेऊ नयेत, बाळाच्या अंगावर पहिलं झबलं कोणाचं तरी जुनं, वापरलेलं घालावं, हे सगळं आपल्या सासवांनीच आपल्याला शिकवलं ना? पाचवीची पूजा होईपर्यंत जीव टांगणीला असायचा, बाराव्या दिवशी नाव. ज्या काळात हे नियम झाले, त्या काळात किती पाळणे रिकामे व्हायचे ते त्या बायांनी पाहिलं होतं. दृष्ट लागते की नाही हा वेगळा वाद आहे, आणि तुझा विश्वास नसेल तर उगाच दृष्टीचं कारण पुढे करू नकोस. तुझं स्वतःचं कारण पुरेसं आहे. मी एवढंच म्हणते की बाळ येण्याआधी त्याचा गाजावाजा करायचा नाही, ही रीत तुझ्या सासूबाईंच्या पिढीचीच आहे. तू काही पुण्या-मुंबईचं नवं खूळ घरात आणलेलं नाहीस.

आता एक सांभाळ. वरच्या बोलण्यात "सगळ्यात आधी तुम्हालाच सांगू" असं चुकूनही म्हणू नकोस. ते खरं नाही. तुझ्या आईला माहीत आहे.

पत्रातलं मला सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य तेच आहे, आणि त्यावर तू चटकन पुढे गेलीस. तुझी बाजू मला समजते. मागच्या वेळी तुझ्या उशाशी बहुधा आईच बसली होती. रात्री झोप लागत नसेल तेव्हा तिच्यापाशी बोलून गेली असशील. यात तू सासर-माहेर असा भेद केला नाहीस. पण बाहेरून तो भेदच दिसतो. हे मी पुस्तकातलं सांगत नाही. मी पाळण्याच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिलेली आहे.

माझ्या भावाची मुलगी १९९१ च्या मे महिन्यात झाली. मी तेव्हा भंडाऱ्याला होते. बारसं वहिनीच्या माहेरी, इतवारीतल्या जुन्या घरात. एसटीनं आले, पोचेपर्यंत अंगाची लाही लाही झालेली. पर्समध्ये मी हातानं शिवलेलं झबलं होतं आणि डोक्यात महिनाभर घोळवलेलं एक नाव. नाव तू ठरव असं मला कोणी म्हटलं नव्हतं, पण ठरवू नकोस असंही म्हटलं नव्हतं. कूलरची घरघर, वाळ्याचा ओला वास, पाळण्याला मोगऱ्याचे गजरे. आधी वरवंटा पाळण्याच्या खालून-वरून फिरला, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" झालं, मग बाळ पाळण्यात आलं. मी कानाशी वाकणार तोच भावानं माझ्या हातात चिठ्ठी दिली. मी वाचली. छान नाव होतं, मी शोधलेल्या नावापेक्षा छान. मान वर केली तर समोर वहिनीची आई, मावशी आणि धाकटी बहीण उभ्या. तिघींच्या चेहऱ्यांवर लिहिलेलं होतं की त्यांना हे नाव कधीचंच माहीत आहे. धाकटीचे तर ओठही माझ्या आधी हलले. मी "कुर्रर्र" केलं, नाव सांगितलं, पाठीत धपाटे खाल्ले, हसले, घुगऱ्या वाटल्या. आणि पुढची कितीतरी वर्षं त्या पोरीला तिच्या नावानं हाक मारली नाही. मनी म्हणायचे. ती सातवीत असताना तिनंच विचारलं, "आत्या, तू मला माझ्या नावानं काहून नाही बोलवत?" मी काय सांगणार होते तिला?

भावाच्या किंवा वहिनीच्या मनात काही वाईट नव्हतं. बारा दिवस बाळ माहेरी होतं, नाव आपसूक तिकडच्या तोंडी बसलं. मला तर नाव माझं नव्हतं याचंही दुःख झालं नाही. चिठ्ठी सगळ्यांसमोर पहिल्यांदा उघडली असती, तर मी आनंदानं ते नाव त्या कानात सांगितलं असतं. पाळण्याच्या त्या बाजूला ठाऊक होतं आणि या बाजूला नव्हतं, एवढंच माझ्या जिव्हारी लागलं. आज तीस-पस्तीस वर्षांनी लिहितानाही हात जड होतो.

तुझ्या घरात तर दोन्ही आज्या एकाच छताखाली असणार आहेत. पहाटे तीनला बाळ रडेल, तुझी आई त्याला खांद्यावर टाकून येरझारा घालेल, आणि अर्धवट झोपेत तिच्या तोंडून ते नाव निघेल. तिच्या पोटात दोन-तीन महिने ते नाव आहे, ते निघणारच. त्यात तिचा दोष नसेल. दाराआड सासूबाई जाग्या असतील. मग बाराव्या दिवशी कितीही मोठं बारसं केलंस तरी त्यांच्या कानात ती पहाटच राहील.

म्हणून सासूबाईंशी बोलशील तेव्हा आणखी एक वाक्य बोल: "माझ्या आईला माहीत आहे. तेव्हा ती सोबत होती, तिच्याजवळ बोलल्या गेलं." त्यांना लागेल. दोन दिवस घरात शांतता राहील, कदाचित तुझ्या आईलाही एखादा टोमणा बसेल. तो सहन कर, आणि आईलाही आधी कल्पना दे. पण हे तुझ्या तोंडून कळलेलं असेल. आपण होऊन सांगितलेली गोष्ट आणि पकडली गेलेली गोष्ट, यांचा सल वेगवेगळा असतो.

मग त्यांना दोन्ही नावं आत्ताच का सांगून टाकू नयेत, असं तू विचारशील. मनापासून सांगावंसं वाटलं तर सांग, मी अडवणार नाही. पण मला ते नको वाटतं. दोन कारणं आहेत. एक तर तुझा धाक, त्याला मान मिळालाच पाहिजे. आणि दुसरं तूच लिहिलं आहेस, त्या मुलाचंच नाव विचारतात. पोटात मुलगा आहे की मुलगी हे सांगणं १९९४ च्या कायद्यानं बंद आहे, म्हणूनच तर तुम्हाला दोन नावं ठरवावी लागली. आज ती दोन्ही समोर ठेवलीस तर एकाचं कौतुक होईल आणि दुसरं "हो, तेही चांगलं आहे" म्हणून बाजूला पडेल. उद्या मुलगी झाली तर ती त्या बाजूला पडलेल्या नावाची होईल. हे मला तिच्यासाठी नको आहे. शिवाय रिकाम्या नावावर माणसं फार बोलतात. आपल्या मोहल्ल्यात त्या नावाचा अमुक आहे, हिंदीवाले त्याचं काय करतील, आजकाल असलं कोणी ठेवते का? बाळ मांडीवर आलं की त्याच नावाला नावं ठेवायला जीभ वळत नाही.

तेव्हा असं करा. बाळ झालं, दवाखान्यात सासूबाईंनी त्याला पहिल्यांदा हातात घेतलं, की तुझ्या नवऱ्यानं वाकून त्यांच्या कानात नाव सांगायचं. त्यांच्या मुलानं. तू नाही. तिथे सासरेबुवा असतील तर त्यांनाही. आणि त्याच दिवशी, संध्याकाळ व्हायच्या आत, चंद्रपूरला फोन. बाकी गावाला, ग्रुपवर, शेजारी, कोणालाही बाराव्या दिवसापर्यंत कळायचं नाही. हे गुपित मग त्या घराचं होईल. सासूबाईच ते राखतील बघ. तुझ्या मोठ्या आईनं खोदून विचारलं तर त्याच सांगतील, बारशाला या, तेव्हा कळेल.

आता नणंदेचं. आत्याचा मान हा नुसता बोलायचा मान नाही. आपल्याकडे बाळाच्या कानात नाव पहिल्यांदा जातं ते तिच्या तोंडून. काही घरांत ती सुचवतेसुद्धा, आणि ती रीत त्यांच्या घरात असेल तर त्यांची अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. तुम्ही वेगळं ठरवलं आहे, तो तुमचा अधिकार आहे, पण मग ते स्पष्ट सांगायला हवं. आत्तापर्यंत त्यांना "बघू, यादी छान आहे" अशीच उत्तरं गेली असणार. बेचाळीस नावं शोधायला किती रात्री लागतात याचा विचार कर.

हा फोन तुझ्या नवऱ्यानं करायचा आहे, म्हणून थोडं त्याच्याशीच बोलते. त्याला हे वाचायला दे.

बाबा रे, "तुमचं बायकांचं तुम्ही बघा" हे तू कोणाला म्हणतो आहेस? रडल्या त्या तुझ्या आई, रुसणार ती तुझी बहीण, आणि नाव तुझ्या लेकराचं. यात तुझी बायको एकटीच परक्या घरातून आली आहे, आणि सगळ्यांशी भांडायचं काम तू तिच्याकडे दिलंस. मागच्या वेळी गेलं ते तुझंही होतं. ते तू कोणाशी बोललास की नाही मला माहीत नाही. आज ताईला फोन लाव आणि सांग: "ताई, नाव आम्ही दोघांनी ठरवलं आहे. बाळ झालं की त्याच दिवशी तुला सांगतो, बारा दिवस तुझ्याजवळ राहील. पाळण्याशी तूच वाकायचं, कानात तूच सांगायचं." ती चिडली तर चिडू दे, फोन ठेवू नकोस. बायकोच्या हातात फोन देऊ नकोस.

आणि ती यादी खरोखर वाचा. वाचून एक-दोन नावं निवडा. पोथीप्रमाणे नामकरण करतात तेव्हा बाळाला चार नावं देतात: कुलदेवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहाराचं. आपण मात्र एकाच नावावर सगळा रुसवा-फुगवा बसवून ठेवला आहे. व्यवहाराचं नाव तुमचं. लाडाचं, घरात हाक मारायचं नाव आत्याला ठेवू द्या. आणि तिनं ठेवलं तर त्याच नावाने हाक मारा, चार दिवस करून सोडून देऊ नका.

नक्षत्राच्या नावावरून आठवलं. बाळ झालं की सासूबाई पत्रिकेतलं अक्षर काढून आणतील. ते आधी कोणालाच कळत नाही, कारण चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, त्या नक्षत्राचे चार चरण, म्हणजे अक्षर जवळजवळ सहा तासांनी बदलतं. सकाळी झालं तर रोहिणीचं "वा", संध्याकाळी तेच "वू". सत्तावीस नक्षत्रं, एकशे आठ अक्षरं. तुमचं नाव त्यात बसलं तर उत्तम. नाही बसलं तर त्या अक्षराचं नाव पत्रिकेत नक्षत्राचं नाव म्हणून लिहायचं आणि ते निवडायचं काम सासूबाईंवर सोपवायचं. फक्त "अक्षर आल्यावर बघू" ही पळवाट आजपासून वापरू नकोस. तुमचं ठरलेलं आहे.

आता कागदांचं, कारण घरात कितीही सांभाळलं तरी नाव फुटतं ते तिथेच. दवाखान्यातून सुट्टी व्हायच्या आधी जन्मनोंदीची माहिती मागतात. बाळंतिणीचं डोकं ठिकाणावर नसतं, बाप बिल भरायला खाली गेलेला असतो, आणि जो जवळ उभा असेल तो फॉर्म भरून देतो. मी असं झालेलं पाहिलं आहे. काकांनी उत्साहात आपल्या मनातलं नाव लिहून दिलं, आणि ते दुरुस्त करायला आई-बापाला महिनोन्‌महिने खेटे घालावे लागले. जन्माची माहिती २१ दिवसांच्या आत जायला हवी, पण नावाची जागा कोरी ठेवता येते. नाव नसतानाही नोंद होते. नंतर १२ महिन्यांपर्यंत विलंब शुल्काशिवाय नाव घालता येतं, त्यापुढे १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून. तेव्हा तो फॉर्म तुझ्या नवऱ्यानं स्वतः भरायचा आणि नावाच्या जागी काही लिहायचं नाही. दवाखान्यातल्या ताईंना आधीच सांगून ठेवा.

घाईनं चुकीचं लिहिण्यापेक्षा बारशानंतर शांतपणे लिहिलेलं बरं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्माचा दाखला हाच शाळेला, आधारला, पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा धरतात. तेव्हा इंग्रजी स्पेलिंग आत्ताच कागदावर लिहून ठरवा, एक "ए" की दोन, "व्ही" की "डब्ल्यू". आणि आणखी एक. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव येतं. म्हणजे तुझं नाव त्या नावाला खेटून येणार आहे. लग्नात तांदळाच्या ताटात तुझं नाव बदललं असेल, तर तुझ्या आधारवर कोणतं आहे ते आजच बघून घे. आणि चारही शब्द एका दमात मोठ्यानं म्हणून पाहा. बाल्कनीतून खाली हाक मारल्यासारखं म्हणा. नाव बाहेर कोणाला विचारणार नसाल तर एवढी पारख तुम्हीच करायला हवी. इथे तर अर्धी हाक हिंदीतून येते. नावात "ळ" किंवा "ण" असेल तर शाळेत त्याचं "ल" आणि "न" होणार, हे धरून चाला. त्यासाठी नाव बदलू नका, नुसतं माहीत असू द्या.

बारशाच्या तयारीत नाव आणखी तीन ठिकाणी द्यावं लागतं: सजावटवाल्याला, संत्रा बर्फीच्या डब्यांवर चिकटवायची लेबलं छापणाऱ्याला आणि सोनाराकडे बाळाच्या पदकावर कोरायला सांगाल तर त्याला. सजावटवाले काम झाल्याबरोबर फोटो आपल्या स्टेटसला टाकतात. त्यांना ताकीद द्या, किंवा अक्षरं घरी लावा. हे काम नणंदेच्या मुलांकडे दिलंत तर त्यांना आनंद होईल, आणि त्यांच्या आईच्या पोटात नाव असेल तोवर मुलांनाही ते राखायला मजा येईल.

मागच्या वेळच्या नावाबद्दल तू काही विचारलं नाहीस, म्हणून मीही थोडंच बोलते. ते नाव कोणी या बाळाला सुचवलं तर "ते त्याचं आहे" एवढंच म्हण. त्यापुढे स्पष्टीकरण देऊ नकोस. रात्री धाकानं झोप लागत नसेल, बाळ हललं नाही असं सारखं वाटत असेल, तर डॉक्टरांना पुढच्या भेटीची वाट न पाहता सांग. त्यांनी तुझी मागची फाइल पाहिली आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

आता आईला फोन. सासूबाईंशी बोलायच्या आधी कर. तिला सांग की तू सासूबाईंना सांगणार आहेस, तिला माहीत असल्याचंही सांगणार आहेस, आणि इथे आल्यावर तिनं बाळाला चिमणी म्हणावं, पिल्लू म्हणावं, काहीही म्हणावं, पण दवाखान्यात सासूबाईंच्या कानात नाव जाईपर्यंत ते नाव तोंडात आणू नये. आणि दुसरं नाव, जे या वेळी वापरलं जाणार नाही, तेही तिला माहीत आहे. ते तिनं पोटातच ठेवावं. बहिणीला नाही, शेजारणीला नाही, कौतुकानं सासूबाईंनाही नाही. तुम्ही दोघं होऊन सांगाल तेव्हाच.

तुझी,
काकू